एका हातात मावेल असं

परवा माझ्या भाचीनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरीगोमटी बाई, पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून, शाळेच्या सकाळची घाई कशी टाळावी ते सांगत होती. नाश्ता आदल्या दिवशी करून ठेवा, डब्यात भरा, सकाळी मुलांच्या हातात द्या, झालं. भाचीला वाटलं, मावशीला काहीतरी नवीन दाखवलं. मी तिला लिहिलं, बाई गं, हे सगळं मी रायपुरात आमच्या समोरच्या दारात पाहिलेलं आहे, आणि ते करणारा माणूस गोरागोमटाही नव्हता आणि त्याचं स्वयंपाकघर पांढरंही नव्हतं. मग रामटेकेभाऊ डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून लिहायला बसले.

समता कॉलोनीतल्या आमच्या इमारतीत सकाळ उजाडायची ती आरडाओरड्यानं. शाळेच्या बसचा हॉर्न वाजेपर्यंत प्रत्येक दारातून कुणी ना कुणी कुणावर तरी ओरडत असे. आमच्या दारातून मी. आमचा ओम एका पायात मोजा घालून दुसरा शोधत असायचा, आणि मी पोळीचा घास घेऊन जिन्यापर्यंत त्याच्या मागे. तो घास बहुतेक वेळा मीच परत येताना खायची. कचेरीत जाईपर्यंत माझा आवाज बसलेला असे. अशा त्या गदारोळात एकच दार शांतपणे उघडायचं. दोन मुली बाहेर पडायच्या, पाठीवर दप्तर, डाव्या हातात कागदाची पुडी, उजवा हात जिन्याच्या कठड्यावर. मागून एक जाड आवाज यायचा, "पाहून घेतलं का?" मुली होकार द्यायच्या, "हव पापा." आणि जायच्या. मला त्या घराचा मनापासून राग यायचा.

पण ही शांतता त्या माणसानं कशी मिळवली ते मी पाहिलेलं आहे.

रामटेकेभाऊ मालगाडीवर गार्ड होते. आता त्या पदाला काहीतरी भारी नाव दिलंय म्हणे, पण आमच्यासाठी ते गार्डसाहेबच. उंच, अंगानं भरलेले, मिशी राखलेली, पांढरा गणवेश असा की वाटावं माणूस कोळशाच्या गाडीवर नाही, लग्नाला चाललाय. बोलणं हळू. घाईनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. घरातून निघताना दार लावायचे, दोन पायऱ्या उतरायचे, परत वर येऊन कुलूप ओढून बघायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "सुटायच्या आधी पाहाचं असते वहिनी. सुटल्यावर काय पाहता?" हे वाक्य ते गॅसच्या बटणापासून मुलींच्या परीक्षेपर्यंत सगळ्याला लावत.

आणि एक खोड होती. ते डाव्या हातानं खात. ते काही डावखुरे नव्हते. सही उजव्या हातानं, जेवायला पाटावर बसले की घासही उजव्या हातानं. पण उभ्यानं काही खायची वेळ आली की पदार्थ डाव्या हातात जायचा आणि उजवा मोकळा लोंबत राहायचा. वर्षानुवर्षं उजव्या हातात झेंडी धरून, डाव्या हातानं भूक भागवलेला माणूस होता तो. लग्नाच्या पंगतीत, बुफेच्या रांगेत, सगळीकडे हेच. त्यांची बायको सुषमावहिनी मला म्हणायच्या, "ह्यायचं काही खरं नाही. घरातही ह्यायले वाटते, आता गाडी सुटून राहिली."

सुषमावहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. पावसाळा संपत आला होता. थोरली मैत्री सातवीत, धाकटी पिहू तिसरीत. घरात मालगाडीवरची नोकरी. रेल्वेच्या लॉबीतून, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या कचेरीतून, फोन आला की निघायचं, मग ती दुपार असो की पहाट. परत कधी येणार ते गाडीलाच ठाऊक.

सुषमावहिनींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाच्या कपबशा विसळायला होते. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सगळे नातलग बसले होते. गोंदियाहून सुषमाची आई आली होती, नागपूरहून मोठी बहीण. बोलणं मुलींवर आलं. नागपूरच्या मावशीचं म्हणणं सरळ होतं आणि वाईटही नव्हतं. ती घरीच असते, शाळा जवळ आहे, सकाळी मुलींना गरम खायला मिळेल. मुली आईवेगळ्या झाल्यात, निदान उपाशी तरी राहायला नकोत. सगळ्यांनी माना हलवल्या. रामटेकेभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, पोरी इथंच राहतील.

सुषमाच्या आईनं, म्हणजे मुलींच्या आजींनी विचारलं, "सकायी कोण पाहीन त्यायले? तुमी तं गाडीवर."

"सकाळ माह्याकडं, आई."

आजींचे गुडघे गेलेले, साखरेचं दुखणं, पहाटे उठून ओट्याशी उभं राहणं त्यांच्यानं होणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, वार्षिक परीक्षेपर्यंत मी इथं राहते. पोरी एकट्या झोपायला नकोत. पण एक दिवस जरी पोट्ट्या उपाशी शाळेत गेल्या, तर दोघी माझ्यासोबत नागपूरला, मावशीकडे. रामटेकेभाऊंनी मान हलवली. मुली आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. तेव्हा आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशीपासून माणूस कामाला लागला. सकाळी आपण असू की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा सकाळचं जे काही ते आदल्या दिवशीच झालं पाहिजे, हे त्यांनी पहिल्या फटक्यात ठरवलं. आजींना ते मुळीच मान्य नव्हतं. आदल्या दिवशीचं म्हणजे शिळं, आणि शिळं लेकरांना देत नसतात. त्या मला बोलावून माझ्यासमोर बोलायच्या, म्हणजे जावयाला ऐकू जावं आणि जावयाला बोललंही नाही असं व्हावं. रामटेकेभाऊ पीठ मळता मळता म्हणाले, "गाडीवर मी जे खातो ते सारं आदल्या दिवशीचंच असते, आई. मले काय झालं?" आजींनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि पदर सावरला.

दशम्या करायचे ते. दुधात मळलेल्या, जाड, नीट भाजलेल्या, आत जवसाची कोरडी चटणी भुरभुरून वळकटी केलेल्या. गाडीवर नेण्यासाठी सुषमावहिनी त्यांना करून द्यायच्या, तशाच. त्या दोन दिवस टिकतात, मोडत नाहीत, सांडत नाहीत. त्यांचा हिशेब असा की ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात, ज्यानं माणूस तगतो त्यानं शाळेत पोर तगणारच. रोज संध्याकाळी, किंवा ड्यूटीवरून आल्यावर जी वेळ असेल तेव्हा, ओट्यावर दशम्या व्हायच्या आणि सकाळी दारातून दोन वळकट्या बाहेर पडायच्या. मला ते इतकं पटलं की मीही ओमला दशमी दिली. ओमनं ती परत आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, मम्मी, ये आप खाओ. मी म्हटलं, तुला वळणच नाही, समोरच्या मुली बघ. मुली खरोखरच बघण्यासारख्या होत्या. रोज "हव पापा" म्हणून वळकटी घेऊन जायच्या. रामटेकेभाऊंचा ऊर भरून यायचा.

हिवाळ्यातली गोष्ट. आजी काठी टेकत उन्हाला म्हणून खाली आल्या होत्या. बस आली, मुलं चढली, रामटेकेभाऊ नेहमीप्रमाणे दप्तरांच्या चेनी बंद आहेत का ते बघत होते. बसचा ड्रायव्हर भला माणूस, इकडचाच, कुठल्याशा खेड्यातून आलेला. त्यानं खिडकीतून हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाला, "भैया, आपके घर की रोटी बहुत बढ़िया रहती है. रोज का सहारा हो गया है." मागच्या दारातल्या दीदीनं, म्हणजे बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या बाईनं, त्याला गप्प करायला काच वाजवली, पण उशीर झाला होता. खिडकीतून मैत्रीचा चेहरा दिसला. पांढराफटक. बस निघून गेली.

आजी इमारतीपुढच्या पारावर बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "झालं." एवढंच. वर जाऊन त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि त्यात मुलींचे स्वेटर घालायला लागल्या. दारं आमच्याकडे दिवसा उघडीच असतात, मला सगळं दिसत होतं. रामटेकेभाऊ दाराशी उभे राहून म्हणाले, त्या उपाशी गेल्या नाहीत आई, मी त्यांना उपाशी पाठवलं. त्यात पोरींचा काय दोष. आजी म्हणाल्या, दोष कुणाचा ते मला नको, पोट कुणाचं रिकामं ते सांगा. मग आजीच म्हणाल्या, संध्याकाळी पोट्ट्यांनाच विचारू, आणि मला त्यांनी साक्षीला बोलावलं.

त्या संध्याकाळी मुली पलंगावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. रामटेकेभाऊ समोर खुर्चीवर. ते मराठीत बोलायचे, मुली हिंदीत उत्तर द्यायच्या. त्या घरात नेहमीच असं चालायचं. त्यांनी विचारलं, काहून नाही खाल्लं. पिहू म्हणाली, "पापा, गला सूख जाता है. पानी पीओ तो बस हिलती है, सब ड्रेस पे गिरता है." मग सांगायचं नाही का, असं त्यांनी विचारलं. पिहू ताईकडे बघायला लागली. मैत्री खाली बघत होती.

"बताते तो आप लोग नागपुर भेज देते," ती म्हणाली.

मला तर तिथून उठून जावंसं वाटलं. सहा-सात आठवडे त्या दोन लेकरांनी पोटातली भूक दाबून ठेवली होती, कारण भूक लागली असं म्हटलं की घर जाणार होतं. आजींनी पेटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रामटेकेभाऊ उठून बाल्कनीत गेले. तिथं पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता. ते रागावले नाहीत, जवळ घेतलं नाही, माफी मागितली नाही. खुर्ची पुढे ओढून त्यांनी धाकटीला एकच गोष्ट विचारली.

"तुले भूक कवा लागते?"

पिहूनं विचार केला. "घड़ी चौक के बाद," ती म्हणाली.

मला त्या उत्तराचं हसू आलं, पण त्यांना नाही आलं. त्यांना त्यातून जे हवं होतं ते मिळालं होतं. उठल्या उठल्या त्या वयाच्या मुलीला भूक लागतच नाही. लागते ती बस अर्ध्या वाटेवर आल्यावर. आणि तिथं, हलत्या बसमध्ये, पाठीवर दप्तर असताना, पाण्याशिवाय जे खाता येईल ते द्यायला हवं. आजींकडे वळून ते म्हणाले, परीक्षेपर्यंतचा तुमचा शब्द आहे. आजी म्हणाल्या, शब्द मोडला तो तुमच्याकडून. पण पेटी त्यांनी परत पलंगाखाली ढकलली. स्वेटर मात्र आतच ठेवले.

नंतर जे झालं त्यावर इमारत हसून हसून दमली. पहिल्यांदा तर ते शाळेच्या बसमध्येच जाऊन बसले. ड्रायव्हरला आधी विचारून, शेवटच्या बाकावर, गणवेशात, गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले. मुलांना वाटलं, रेल्वेचे साहेब तिकीट बघायला आले. ते बघत होते दुसरंच. बस कुठे हिसका देते, मुलं डबे कधी उघडतात, कुणाचा डबा बघून कुणाची मान वळते. पिहूची मैत्रीण रोज काहीतरी पांढरं, बोटाएवढं, कागदातून काढून खायची आणि पिहू तिच्या हाताकडे बघायची. ते पाहून आले.

तो फरा होता. इथं घरोघरी करतात तो. भात आणि तांदळाचं पीठ मीठ घालून एकत्र मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या, वाफवायच्या, मग तीळ, मिरची, कढीपत्त्याची फोडणी. इतकी वर्षं रायपुरात राहून आम्ही मराठी बायांनी तो शेजाऱ्यांकडे खाल्लेला, कधी घरी केला नव्हता. बसमधल्या दीदीला त्यांनी विचारलं. तिनं हव हव म्हणत हातवारे करून सांगितलं आणि म्हणाली, वाफवून ठेवायचं आदल्या दिवशी, फोडणी सकाळी.

पहिला घाणा इतका चिवट झाला की ओमनं तो भिंतीवर आपटून दाखवला. दुसरा पिठूळ. नंतरचा एकमेकाला असा चिकटला की त्याचा एकच मोठा फरा झाला. हे सगळं ताटात घालून आमच्याकडे यायचं, कारण आजींसमोर टाकायची सोय नव्हती. आम्ही खायचो. मी म्हटलं, भाऊ, आता पुरे, इडलीचं पीठ विकत मिळतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं असं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफेवर चाळणी. भात मऊ हवा, पीठ कोमट पाण्यात भिजायला हवं, तेलाचा हात हवा, हे त्यांचं त्यांनाच कळत गेलं. जमायला लागला तसा मग जिना सुरू झाला.

जिना म्हणजे परीक्षा. पिहूचं गुलाबी दप्तर एका खांद्यावर अडकवून, डाव्या हातात पुडी घेऊन, उजव्या हातानं कठडा धरून हा अंगापिंडानं भरलेला माणूस जिना उतरत उतरत खायचा. खाली पोचेपर्यंत संपलं पाहिजे, सांडलं नाही पाहिजे, बोटाला तेल लागलं नाही पाहिजे, तहान लागली नाही पाहिजे. मग वर यायचं आणि दुसरा पदार्थ. मेथीच्या पुऱ्या तेलानं नापास झाल्या. मुगाचा चीला, म्हणजे धिरडं, पातळ केला तेव्हा फाटला, जाड केला तेव्हा घशात अडकला, शेवटी मधल्या जाडीचा पुदिन्याची चटणी लावून गुंडाळला तेव्हा पास. सातूचे लाडू चुरा पाडतात म्हणून लहान केले, एका घासाचे. वरच्या मजल्यावरचे शर्माजी एकदा त्यांना जिन्यात असे भेटले आणि अदबीनं बाजूला सरले, म्हणाले, पहले आप. रामटेकेभाऊ तोंडात घास ठेवून गंभीरपणे पुढे गेले. आजी दारात खुर्ची टाकून हे बघत बसायच्या. तोंडानं म्हणायच्या, "डाव्या हातानं खाऊन राहिला बाप, आता पोट्ट्याही तेच शिकन." पण खुर्ची रोज दारात असायची.

मैत्रीला त्यांनी फोडणी शिकवली. शिकवली म्हणजे काय, शेजारी उभे राहिले. आधी कढई कोरडी आहे का बघ, मग गॅस, मग तेल. रुमाल घेतला का. पाहून घेतलं का. आपण नसताना हे घर सकाळी सुटलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात होतं. मला तेव्हा ते जरा कठोर वाटायचं. एवढीशी मुलगी, तिला कशाला हे ओझं. पण मैत्रीचं तोंड बघितलं की वाटायचं, नागपूरचं ओझं डोक्यावर असण्यापेक्षा कढईचं बरं.

परीक्षेच्या दिवसांत ते घडलं. रामटेकेभाऊंची गाडी डोंगरगडच्या अलीकडे कुठल्याशा छोट्या स्टेशनात अडकली. पुढे काहीतरी काम निघालं होतं, मालगाडीला कोण विचारतं. सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा त्यांचा फोन आला. तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, मी पोचत नाही. आईंचा फोन लागला होता, त्यांना कणकण आहे, उठवत नाही म्हणतात. मी म्हटलं, अहो, मी जाते ना, मी बघते. तर म्हणाले, "नाही वहिनी. तुमी फक्त दारातून पाहा. आत जाऊ नोका. तुमी गेल्या तं आई म्हणतीन, शेजाऱ्यानं केलं."

मी फोन ठेवला आणि आमच्या दाराला डोळा लावून उभी राहिले. मागे ओम मोजा शोधत होता, त्याला म्हटलं, आज तुझं तू बघ. समोरचं दार बंद. काहीच आवाज नाही. मला वाटलं, पोरी उठल्याच नाहीत. एकदा हात कडीवर गेला, परत मागे घेतला. बसची वेळ जवळ येत चालली होती. माझ्या आयुष्यात मी इतकी बेचैन मोठ्या परीक्षांच्या वेळीही झाले नसेन. आणि मग आतून तीळ तडतडल्याचा आवाज आला. फोडणीचा वास दाराखालून माझ्यापर्यंत पोचला. मी दाराला डोकं टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं, ते मी लपवत नाही.

दार उघडलं. पिहू आधी, मग मैत्री. वेण्या जरा वाकड्या, बाकी सगळं जिथल्या तिथं. डाव्या हातात पुड्या. दोन पायऱ्या उतरून मैत्री थांबली, पिहूला पुडी धरायला दिली, परत वर आली, आत गेली. गॅस बघायला, मला आवाजावरून कळलं. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं, एकदा ढकलून पाहिलं आणि खाली पळाली. खाली हॉर्न वाजत होता. दोघी चढल्या, बस गेली.

त्यानंतर थोड्या वेळानं आजींनी काठी आपटून मला हाक मारली. मी गेले तर त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बाजूच्या स्टुलावर थर्मासमध्ये चहा होता आणि झाकण घातलेली एक वाटी. वाटी रिकामी होती. तळाशी थोडे तीळ राहिले होते. आजी त्या वाटीकडे बघत होत्या. पोरीनं जाताना हे ठेवलं होतं आणि कपाळाला हात लावून ताप बघितला होता, असं त्यांनी मला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिळं नाही लागत वं बाई."

मला त्यांनी नागपूरचा फोन लावून द्यायला सांगितला. मोठ्या लेकीशी त्या फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पोट्ट्यांची वाट पाहू नको. उन्हाळ्याच्या सुटीत येतील, पाहुण्यासारख्या राहतील आणि बापाकडे परत जातील. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. आजी म्हणाल्या, "आपली सुषी असती तं तिनंही एवढंच केलं असतं." फोन मला देऊन त्यांनी डोळे मिटून घेतले.

रामटेकेभाऊ आले तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. गणवेश पहिल्यांदाच चुरगळलेला. दारातल्या चपलांच्या मांडणीवर बूट काढायला बसले. आजी आतून म्हणाल्या, पोट्ट्या खाऊन गेल्या. मलेही देऊन गेल्या. स्वेटर मी कपाटात ठेवले आहेत, वरच्या खणात, सापडले नाही म्हणून बोंब मारू नका. रामटेकेभाऊंनी बुटाची लेस धरली होती ती तशीच हातात राहिली. सुषमावहिनी गेल्या तेव्हा माणसांत न रडलेला तो माणूस तिथं बसून रडला. मोठ्यानं नाही. खांदे हलत होते. आजी काठी टेकत आल्या, त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "बसून खा. उजव्या हातानं."

त्यानंतर त्यांना स्टेशनातली दिवसाची ड्यूटी मिळाली, आजी गोंदियाला परत गेल्या, मुली मोठ्या झाल्या. आमच्या इमारतीतलं ओरडणंही हळूहळू कमी झालं, कारण एकेक घरानं त्यांची जिन्याची परीक्षा आपल्याकडे सुरू केली. आमच्याकडे चीला पास झाला. ओम अजून मोजे शोधतो, पण पोट भरलेलं असतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रायपूर स्टेशनवर. आमची बदली ठरली होती, सामान बांधून झालं होतं, आणि त्याच आठवड्यात मैत्री कॉलेजसाठी निघाली होती. कुठे, तर नागपूरला. पण ती आपल्या मनानं चालली होती, आपल्या मार्कांवर, आणि सुटीत घरी परत येणार होती. सकाळची गाडी, मीही पोचवायला गेले होते. पिहू ताईची बॅग खिडकीशी नीट लावत होती. रामटेकेभाऊ फलाटावर उभे राहून डब्याच्या दारापासून बॅगच्या साखळीपर्यंत सगळं डोळ्यांनी तपासत होते. ते साध्या शर्टात होते. मला वाटलं, आता ते तिच्या हातात पुडी देतील. त्यांनी ती दिलीच, एका घासाचे सातूचे लाडू होते.

पण मैत्रीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांच्या हातात एक पुडी ठेवली. आदल्या दुपारी, ते ड्यूटीवर असताना, तिनं करून ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. हे काय, असं विचारलं. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी हिंदीत सांगेल.

"खाऊन पाहा ना, बाबा," मैत्री म्हणाली. "एका हातात मावते."

गाडी हलली. पिहू उडी मारून खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. रामटेकेभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, सरळ, गाडी सुटताना जातो तसा. एकेक डबा पुढे जात राहिला आणि हात तसाच वर होता. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं त्यांना ओळखलं असावं, त्यानं हिरवी झेंडी जरा जास्त वेळ हलवली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो हात खाली आला नाही. डाव्या हातानं मात्र पुडी उघडली होती, आणि ते खात होते.